उसन्या आवाजांची मैफल

उरलेली भाजी फ्रिजमध्ये ठेवताना वाडग्यावर ताणून बसवतात तो पातळ प्लास्टिकचा पापुद्रा श्रोत्यांनी डोळ्यांसमोर आणावा. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा ग्रेग गिलिस तो आपल्या लॅपटॉपला गुंडाळून मंचावर जायचा. 'गर्ल टॉक' हे त्याचं मंचावरचं नाव. कार्यक्रम सुरू झाला की प्रेक्षक मंचावर चढायचे, त्याच्या भोवती नाचायचे, त्यांच्या हातातली पेयं हिंदकळायची आणि गिलिस स्वतः घामानं निथळायचा. वाद्य वाचवायचं तर ते झाकणं भाग होतं. दिवसा तो बायोमेडिकल इंजिनिअर म्हणून नोकरी करायचा आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांपासून हा रात्रीचा उद्योग लपवून ठेवायचा. २००७ मध्ये त्यानं नोकरी सोडली. २०१० मध्ये आलेल्या त्याच्या 'ऑल डे' या सुमारे ७१ मिनिटांच्या अल्बममध्ये साडेतीनशेहून अधिक गाण्यांचे तुकडे आहेत, आणि त्यातला एकही त्यानं गायलेला किंवा वाजवलेला नाही. अल्बम त्यानं इंटरनेटवर फुकट उपलब्ध करून दिला.

मग मंचावर वाजवत कोण होतं?

हा प्रश्न आपल्याकडे जरा जास्तच टोकदार होतो. पेटीवाल्याची बोटं दिसावीत म्हणून उजवीकडची खुर्ची धरणाऱ्या रसिकांचा हा प्रांत आहे. माउस दाबणाऱ्या माणसाला तो वादक म्हणेल का? गिलिसच्या बाजूनं एवढं सांगायला हवं की तो आयती तयार फीत लावून हात वर करून नाचत नव्हता. पडद्यावर शेकडो छोटे तुकडे मांडलेले असायचे. कुठला कधी सुरू करायचा, कुठला कधी बंद करायचा हे तो त्या क्षणी हातानं ठरवायचा. एक क्लिक चुकली की ताल सगळ्यांसमोर कोसळायचा. जिथं चुकायला जागा आहे तिथं वादन आहे, असं मानायला प्रस्तुत वक्त्याची हरकत नाही.

दुसऱ्याचे आवाज मंचावर आणून वाजवण्याची कल्पना इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. फ्रान्समध्ये प्येर शेफेरनं पॅरिसच्या एका स्थानकात जाऊन आगगाड्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले, त्यांची रचना केली आणि १९४८ मध्ये ती रेडिओवर ऐकवली. पण आजच्या विषयाचा खरा पूर्वज म्हणजे अमेरिकन संगीतकार जॉन केज. १० मे १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या सभागृहात त्यानं १२ रेडिओ मांडले. प्रत्येक रेडिओपाशी दोन माणसं. एकाच्या हाती स्टेशन फिरवायची कळ, दुसऱ्याच्या हाती आवाज कमी-जास्त करायची. एकूण २४ वादक, आणि समोर नोटेशन. त्यात स्वरांच्या जागी रेडिओचे कंपनांक लिहिलेले. काटा कुठं न्यायचा ते ठरलेलं होतं. तिथं त्या क्षणी काय लागेल ते कुणालाच माहीत नव्हतं. गंमत अशी झाली की कार्यक्रम लांबला, या रचनेची पाळी रात्री उशिरा आली आणि तोवर बरीच स्टेशनं बंद झाली होती. बराचसा वेळ खरखर आणि शांतताच वाजली. केजच्या पद्धतीत तेही बसतं. तिकीट काढून आलेल्यांच्या पद्धतीत बसलं असेल असं नाही.

केजच्या हाती १२ रेडिओ होते. आज लॅपटॉप उघडणाऱ्याच्या हाती काय आहे? बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या संगीत-तंत्रज्ञान गटानं २००५ मध्ये 'फ्रीसाउंड' नावाचं भांडार सुरू केलं. जगभरच्या लोकांनी तिथं स्वतः मुद्रित केलेले पाच लाखांहून अधिक आवाज ठेवले आहेत. दार करकरण्यापासून गडगडाटापर्यंत काहीही. हा गट उभा करणारे झावियेर सेरा यांच्याच नेतृत्वाखाली पुढे 'कॉम्पम्युझिक' हा प्रकल्प झाला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतातले राग, ताल, स्वरांची आंदोलनं संगणकाला कशी ओळखता येतील याचा त्यात अभ्यास होता. म्हणजे ज्या खोलीत दार करकरण्याचे आवाज साठवले गेले, त्याच खोलीत यमनही मोजला गेला. पक्ष्यांसाठी 'झेनो-कँटो' आहे. तेही २००५ मधलंच. तिथल्या प्रत्येक मुद्रणाबरोबर पक्ष्याचं नाव, जागा, तारीख आणि मुद्रण करणाऱ्याचं नाव असतं.

पण हे सगळं फुकट आहे म्हणजे मोकाट आहे, असं नाही. बहुतेक आवाजांवर 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या परवान्याच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. एक चिठ्ठी म्हणते, काहीही करा. दुसरी म्हणते, नाव घ्या. तिसरी म्हणते, पैसे कमावण्यासाठी वापरू नका. मग तिकीट लावलेला प्रयोग त्यात बसतो का, यावर वाद घालावा तेवढा थोडा. चौथी तर म्हणते की, यात बदलच करू नका. झेनो-कँटोवरची पुष्कळ मुद्रणं या चौथ्या जातीची आहेत. कोकिळेची तान घ्यायची, पण तिचा तुकडा पाडायचा नाही, फिरवून फिरवून वाजवायचा नाही. रीमिक्स करणाऱ्यासाठी हे म्हणजे कैरी हातात देऊन चिरू नको म्हणण्यासारखं आहे. ध्वनिमुद्रित गाण्यांची तऱ्हा वेगळी. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, आणि गीत-संगीताचा हक्क त्याहून निराळा. गाणं जुनं झालं म्हणून ते आपोआप सगळ्यांचं होत नाही.

आता थोडं कारागिरीबद्दल. कारण या कलेला नाकं मुरडणारे आणि तिचं कौतुक करणारे, दोघंही कारागिरीपाशी थांबत नाहीत.

इंटरनेटवरून उचललेले दोन आवाज एकमेकांशेजारी ठेवले की ते भांडतात. एकाचा सा काळी एक, दुसऱ्याचा पांढरी दोनच्या जरा खाली, कारण मुद्रण करणाऱ्याचं वाद्यच उतरलेलं होतं. एकाची लय मिनिटाला ९० मात्रा, दुसऱ्याची १०४, आणि तीही हलती. संगणक लय ताणून देतो. बर्लिनमध्ये तयार झालेलं 'एबलटन लाइव्ह' हे सॉफ्टवेअर २००१ मध्ये आलं आणि सूर न बदलता लय बदलण्याचं काम मंचावर, वाजवता वाजवता करता येऊ लागलं. पण ताणण्याला मर्यादा आहे. तबल्याचा बोल फार ताणला की त्याची चाटच फाटते. बाईचा आवाज चार पट्ट्या वर नेला की ती बाहुलीसारखी बोलू लागते. त्यात पुन्हा दर्जाचा प्रश्न. फार दाबून छोट्या केलेल्या एमपी३ फाइलमध्ये वरच्या कंपनांचा बराच भाग कापला गेलेला असतो. घरी कानात बोंडं घालून ऐकताना ते जाणवत नाही. सभागृहातल्या मोठ्या स्पीकरवर मात्र झांजेच्या जागी चुरगळलेला कागद ऐकू येतो.

आणि सगळ्यात मोठी अडचण उशिराची. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला तीन मिलिसेकंदांच्या आसपास. गायकापासून दोन मीटरवर बसलेल्या तबलजीला षड्ज सहा मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि कुणाचंच काही बिघडत नाही. हा उशीर पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पलीकडे गेला की एकत्र वाजवणाऱ्यांची लय ओढली जाऊ लागते. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण काही सेकंद, कधी कधी अर्धा मिनिट मागे असतं. २०२० च्या टाळेबंदीत हा धडा अनेक घरांनी घेतला. पुण्यातल्या गुरूनं इकडे हातावर ताल धरला आणि न्यू जर्सीतली शिष्या तिकडे गाऊ लागली की सम कधीच एकत्र पडायची नाही. शेवटी एकानं गप्प बसायचं आणि दुसऱ्यानं गायचं, ही तडजोड झाली. म्हणून थेट येणारा आवाज मंचावर ठेक्यासाठी उपयोगाचा नाही. तो तंबोऱ्यासारखा मागे ठेवता येतो, हवेसारखा. ताल लागणारं सगळं आधी उतरवून ठेवावं लागतं. अनुभवी माणूस तर सगळंच उतरवून आणतो. सभागृहाच्या वायफायवर मैफल सोडणं म्हणजे मांडववाल्याच्या जनरेटरवर शस्त्रक्रिया करणं.

ही झाली हाताची गोष्ट. नावाची गोष्ट त्याहून अवघड आहे.

वारकरी कीर्तन आठवून पाहावं. कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतो आणि मग तासभर प्रमाणांची पेरणी करत जातो. ज्ञानेश्वरीतली ओवी, नामदेवांचं एक चरण, जनाबाईंचं दुसरं, मध्येच एकनाथ. सगळं पाठ, सगळं त्या क्षणी सुचलेलं, आणि टाळकऱ्यांना खूण मिळताच ते उचललं जातं. शेकडो वर्षांच्या साठ्यातून तुकडे काढून मंचावर जोडण्याची ही कला महाराष्ट्रानं लॅपटॉपविना मुरवलेली आहे. पण त्यात एक सोय आहे. अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याची नाममुद्रा असते. तुकडा कुठंही गेला तरी मालकाचं नाव त्याच्या अंगावरच शिवलेलं असतं. संगीत नाटकांचं तेच. छापील नाटक उघडलं की पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' दिलेली असते, म्हणजे हे पद कुठल्या मूळ गाण्यावर बेतलं ते. उसनवारी होती, भरपूर होती, पण खात्यावर मांडलेली होती.

आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवसांतही हे घडलं. नोव्हेंबर १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्गनं कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तिच्या तबकड्यांच्या शेवटी ती स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगते. तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून ही सोय होती. सोय कारखान्याची, पण सव्वाशे वर्षांनंतरही ती तबकडी कुणी उचलून कुठंही वाजवली तरी बाई आपलं नाव सांगितल्याशिवाय खाली उतरत नाही.

आजच्या फाइलीत नाव असतं, पण ते शिवलेलं नसतं, टाचलेलं असतं. एकानं उतरवली, दुसऱ्यानं कापली, तिसऱ्यानं पुन्हा चढवली की टाचणी गळून पडते. आपल्याकडच्या मिरवणुकांतली रीमिक्सं हा याचा मासलेवाईक नमुना. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकाच्या आवाजाखाली नवा ठेका घातला जातो, आणि दर मिनिटाला मध्येच एक भारदस्त आवाज डीजेचं नाव गर्जतो. नाममुद्रा आहे, फक्त ती मिक्स करणाऱ्याची आहे. गाणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं, ढोलकी वाजवणाऱ्याचं नाव कुठंच नाही. तुकाराम महाराजांच्या अभंगात तंबोरा जुळवणाऱ्यानं 'म्हणे'च्या आधी स्वतःचं नाव घालावं, तसा हा प्रकार.

नाव गळण्याची किंमत काय असते, याचं सगळ्यात ठळक उदाहरण इंटरनेटच्या आधीचं आहे, पण इंटरनेटनं ते घरोघरी पोचवलं. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदानं एक वाद्यगीत मुद्रित केलं. त्यात ड्रमवादक ग्रेगरी कोलमन सहा-सात सेकंद एकटा वाजवतो. तेवढा तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. ब्रिटनमधली जंगल आणि ड्रम-अँड-बेस ही घराणी तर त्याच्यावरच उभी राहिली. कोलमनला त्यातून काहीही मिळालं नाही. तो २००६ मध्ये वारला, हलाखीत. २०१५ मध्ये चाहत्यांनी इंटरनेटवर वर्गणी काढून वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४ हजार पौंड दिले. शेजारणीकडून आणलेली साखरेची वाटी रिकामी परत करू नये, ही आपल्या घरांतली रीत. ही वाटी सेहेचाळीस वर्षांनी परत गेली, आणि तीही चुकीच्या दाराशी नसली तरी शेजारच्या.

आता एक मराठी मुलगा. ऑगस्ट २०२० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, यशराज मुखाटेनं 'साथ निभाना साथिया' या जुन्या मालिकेतला स्वयंपाकघरातला एक प्रसंग घेतला. सासू कोकिलाबेन, म्हणजे रूपल पटेल, कुकरमधले चणे काढून रिकामा कुकर गॅसवर कुणी ठेवला याचा जाब विचारते. तो ठेवणाऱ्या राशीच्या भूमिकेत मराठी अभिनेत्री रुचा हसबनीस होत्या. मुखाटेनं संवादातला एकही शब्द स्वतःचा घातला नाही. त्यानं फक्त ऐकलं. रागावलेला माणूस बोलताना सुरातच बोलतो. वाक्याच्या शेवटी आवाज कुठं चढतो, कुठल्या स्वरावर ठरतो, हे त्याच्या कानानं टिपलं आणि त्याखाली ठेका व स्वरमेळ लावले. देशभर ते गाणं वाजलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मालिकेचं दुसरं पर्व आलं. पुढच्या फेब्रुवारीत त्यानं पाकिस्तानातल्या दनानीर मोबीनच्या काही सेकंदांच्या चित्रफितीवर हाच प्रयोग केला आणि ज्या सीमेवरून गायक येऊ शकत नव्हते तिच्यावरून एक वाक्य सहज आलं. यानंतर तो मंचीय कार्यक्रमही करू लागला.

हा कान नवा नाही. चेक संगीतकार यानाचेक लोकांच्या बोलण्यातले सूर वहीत टिपून ठेवायचा. अमेरिकेच्या स्टीव्ह राइशनं १९८८ मध्ये 'डिफरंट ट्रेन्स' या रचनेत माणसांच्या मुलाखतींतली वाक्यं घेऊन तंतुवाद्यांना तीच वाजवायला लावली. फरक इतकाच की राइशनं त्यातल्या काही माणसांशी स्वतः बोलणं केलं होतं. इंटरनेटवर बोलणारा आधीच बोलून गेलेला असतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ग्रेगरी ब्रदर्सनी अँटवन डॉडसनच्या दूरचित्रवाणीवरच्या संतप्त मुलाखतीचं गाणं केलं. त्याच्या बहिणीवर घरात घुसून हल्ल्याचा प्रयत्न झाला होता, त्याबद्दल तो बोलत होता. गाणं प्रचंड खपलं. कमाईतला निम्मा वाटा डॉडसनला मिळाला आणि त्याच्या कुटुंबाला नवं घर घेता आलं. व्यवहार चोख झाला. तरी एका घरावर गुदरलेल्या प्रसंगावर लोक नाचत होते, ही अढी वाटा देऊन जात नाही. चण्यांच्या कुकरवर नाचणं आणि यावर नाचणं एकच नव्हे.

म्हणून इस्रायलच्या ओफिर कुटिएलची, म्हणजे कुटिमानची, गोष्ट जरा सविस्तर. मार्च २००९ मध्ये त्यानं 'थ्रूयू' नावाची सात गाणी इंटरनेटवर टाकली. यूट्यूबवर लोकांनी स्वतःच्या खोलीत बसून टाकलेल्या फिती, कुणी गिटारचा धडा देतंय, कुणी ट्रम्पेटचा रियाज करतंय, त्या त्यानं एकमेकींवर रचल्या. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं एका वाद्यवृंदात वाजवू लागली. महत्त्वाचं म्हणजे त्यानं चित्रही ठेवलं. आवाज कुणाचा, ते तोंड, ती खोली, मागची न आवरलेली गादी, सगळं दिसतं. आणि प्रत्येक मूळ फितीचा पत्ता त्यानं यादीत दिला. पडद्यावरची 'चाल'च म्हणायची.

२०१४ मध्ये त्यानं पुढचा भाग केला. त्यातल्या एका गाण्यात न्यू ऑर्लिन्सच्या समांथा मॉन्टगोमेरीचा आवाज होता. वृद्धांची देखभाल हे तिचं पोटाचं काम. 'प्रिन्सेस शॉ' या नावानं ती साथीविना गायलेली स्वतःची गाणी यूट्यूबवर टाकायची आणि मोजके लोक ती ऐकायचे. गाणं लोकांसमोर आलं तेव्हाच तिला कळलं की आपल्या आवाजाखाली कुणीतरी अख्खा वाद्यवृंद बसवला आहे. इदो हार या दिग्दर्शकानं तिच्यावर माहितीपट केला. तो तिचं चित्रण करत होता तेव्हा त्याला हे ठाऊक होतं, तिला नव्हतं. चित्रपट हलवून टाकतो, पण हे न सांगणं खटकतं. नंतर ती तेल अवीवला गेली आणि कुटिमानच्या वादकांबरोबर तिथल्या मंचावर उभी राहून गायली. ज्या आवाजाला त्यानं पडद्यावर लय जुळवून दिली होती, त्या आवाजाची मालकीण आता स्वतःची लय घेऊन समोर उभी होती. वादकांना तिच्या मागे जावं लागत होतं.

या प्रकारातला दुसऱ्या टोकाचा प्रयोग दरवर्षी मेच्या पहिल्या शनिवार-रविवारी होतो. लंडनच्या रॉदरहाइद भागातल्या स्टेव्ह हिल या छोट्या निसर्ग-उद्यानातून 'साउंडकॅम्प' हा कलावंतांचा गट २०१४ पासून 'रेव्हेय' हे प्रक्षेपण करतो. पृथ्वीवर पहाट जशी पश्चिमेकडे सरकते तसे तिथले तिथले थेट मायक्रोफोन एकामागून एक उघडले जातात. कुणाच्या खिडकीत, कुणाच्या शेतात, कुणाच्या बंदरावर बसवलेले. छोट्या स्वस्त संगणकाला मायक्रोफोन जोडून अनेकांनी ते स्वतःच बनवलेले असतात. चोवीस तासांहून थोडं अधिक हे चालतं. आवाज मिसळणारी माणसं आळीपाळीनं बसतात आणि एका पहाटेतून दुसरीत अलगद नेतात. उशिराची अडचण इथं उरत नाही, कारण ताल कुणालाच गाठायचा नसतो. कावळा अर्धा मिनिट उशिरा ओरडला तरी कावळाच. अडचण एकच. मध्येच एखादा मायक्रोफोन बंद पडतो, कनेक्शन तुटतं. तेव्हा मिसळणाऱ्याला पुढच्या जागेकडे वळायचं की थोडं थांबून ती जागा परत येते का ते पाहायचं, हे ठरवावं लागतं. उद्यानात रात्रभर तंबू टाकून बसलेल्यांना स्पीकरमधून पूर्वेकडच्या देशांतली पाखरं ऐकू येत असतात. रविवारी उजाडू लागलं की तंबूबाहेरच्या झाडांवरची सुरू होतात, आणि काही मिनिटं स्पीकरमधली कुठली आणि डोक्यावरची कुठली हे सांगता येत नाही.